संपादकाचे पत्र कुठे आहे?

मराठीत पत्रसंग्रहांची वाण नाही. टिळकांची पत्रे आहेत, साने गुरुजींची ‘सुंदर पत्रे’ आहेत, जी. ए. कुलकर्णींच्या निवडक पत्रांचे चार खंड आहेत. पण बहुतेक संग्रहांत बोलणारा एकच. समोरच्याने काय विचारले होते, कोणत्या ओळीवर हरकत घेतली होती, हे उत्तरावरून ताडायचे. हा गळालेला आवाज पुष्कळदा संपादकाचा किंवा पत्रकाराचा असतो. ज्याने मागे लागून लेखकाकडून लिहवून घेतले, त्याचीच बाजू छापायची राहते. मला हे नुकसान फार मोठे वाटते.

आपल्या गद्याची घडण संपादक आणि पत्रलेखक यांच्या नात्यातून झाली आहे. भाऊ महाजनांच्या ‘प्रभाकर’मध्ये १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे आली, ती छापली म्हणून टिकली. खाजगी पत्रांच्या नशिबी ट्रंक आणि वाळवी.

जी. एं.चेच उदाहरण घेऊ. धारवाडला राहणारा, सभासंमेलनांपासून दूर असलेला हा कथाकार मराठी साहित्याशी बोलला तो मुख्यतः टपालाने. पहिल्या खंडातली पत्रे सुनीता देशपांडे यांना लिहिलेली. सुनीताबाईंची त्यांना लिहिलेली पत्रे मात्र ‘प्रिय जी. ए.’ या वेगळ्या पुस्तकात. म्हणजे एक संवाद दोन पुस्तकांत विभागलेला. तारखा जुळवत, पाने मागेपुढे करत तो वाचकाने सांधायचा. हे कष्ट जरूर घ्यावेत. एका बाजूने वाचले की जी. ए. माणसांपासून लांब पळणारे, स्वतःशीच बोलणारे वाटतात. दोन्ही बाजू वाचल्या की संवादाला भुकेला आणि समोरचा तोलामोलाचा भेटला की उमलणारा माणूस दिसतो. त्यांच्याभोवतीच्या निम्म्या दंतकथा तिथेच गळून पडतात. ‘हंस’ मासिकाचे संपादक आनंद अंतरकर यांनी ‘एक धारवाडी कहाणी’ लिहून संपादकाच्या अंगणातून हेच नाते दाखवले. असे लिहिणारे संपादक आणखी हवे होते.

कवी अनिल आणि कुसुमावती देशपांडे यांच्या ‘कुसुमानिल’ या पत्रसंग्रहात दोघेही आहेत. ते पुस्तक अजून जिवंत वाटण्याचे एक कारण माझ्या मते हेच आहे. पण ती प्रेमपत्रे. लिहिण्याच्या कामाबद्दल दोन माणसांनी एकमेकांना लिहिलेल्या पत्रांना तसा आदर आपण दिला नाही.

‘सत्यकथा’ मासिकाचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रे लिहीत. कथेत काय सैल आहे, कुठे पुन्हा विचार हवा, हे त्यांत असे. काहींना तो संस्कार वाटला, काहींना जाच. १९६९ साली लघुनियतकालिकवाल्या तरुणांनी ‘सत्यकथे’ची होळी केली, तिच्यामागे हा रागही होता. संपादकांनी लेखक घडवले की एकाच साच्यात बसवले, यावर आपण अजून आठवणींच्या भरवशावर वाद घालतो. खरा पुरावा त्या पत्रांत आहे: मूळ खर्डा, संपादकाची सूचना, लेखकाचे चिडलेले वा कृतज्ञ उत्तर आणि छापलेली कथा शेजारी ठेवून अभ्यासली पाहिजे. मराठी समीक्षेत हे काम फार तुरळक झाले.

सोलापूरसारख्या गावाला तर या पत्रांची गरज अधिक. पुण्या-मुंबईच्या बैठकांत इथल्या लेखकाला रोज जागा नव्हती; संपादकाचे कार्ड हाच त्याचा वाङ्मयीन शेजार. कुंजविहारी, संजीव, दत्ता हलसगीकर यांच्यासारखे कवी, निर्मलकुमार फडकुले, गो. मा. पवार यांच्यासारखे अभ्यासक आणि १९६१ पासून रंगाअण्णा वैद्यांचे दैनिक ‘संचार’: एवढी माणसे ज्या गावात लिहीत होती, त्या गावाचा वाङ्मयीन इतिहास गौरवग्रंथांवर भागणार नाही. गौरवग्रंथात सगळेच गोड. मतभेद, नकार, मानधनाची ओढाताण, मित्राला सांगितलेली भीती हे पत्रात असते, आणि कित्येकदा तेही शेवटच्या ता. क. मध्ये.

आज संपादकाची सूचना फोनवर येते, नाहीतर व्हॉट्सॲपवर. मोबाइल बदलला की संपली. ईमेल कोणी वर्षवार जपून ठेवत नाही. म्हणून कागदावर आहे ते तरी आता गोळा व्हायला हवे. यात एक कायदेशीर पेच आहे. पत्राचा कागद ज्याला ते आले त्याचा, पण मजकुरावरचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. दोन्ही बाजू छापायच्या तर दोन घरांची संमती लागते. एकतर्फी संग्रह निघतात ते बऱ्याच अंशी यामुळे. संमतीसाठी उंबरे झिजवणे हा संपादनाचाच भाग मानला पाहिजे. त्याबरोबर तारखा, टिपा, सूची हव्यात, आणि नावे गाळून टिंबे देण्याची सवय सोडायला हवी. गाळायचेच असेल तर का गाळले ते सांगावे.

सोलापूरच्या विद्यापीठाच्या मराठी विभागाने आणि इथल्या हिराचंद नेमचंद वाचनालयाने मिळून हे काम हाती घ्यावे. सुरुवात सोलापूरच्याच त्र्यं. वि. सरदेशमुखांपासून व्हावी असे मला वाटते. ‘डांगोरा एका नगरीचा’ या त्यांच्या कादंबरीला २००३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांनी वयाची ऐंशी ओलांडली होती. केंद्रापासून इतक्या दूर राहून एवढा दीर्घ पल्ला गाठताना त्यांनी कुणाकुणाशी काय वाद घातले, प्रकाशकांनी काय विचारले, समकालीनांनी काय कळवले, हे त्यांना आलेल्या आणि त्यांनी लिहिलेल्या अशा दोन्ही पत्रांतून शोधावे लागेल. दुसरी बाजू पुण्यात, मुंबईत, कर्नाटकातही असू शकते. तिथल्या घरांशी पत्रव्यवहार आत्ताच सुरू करावा.