रूपसाम्य आणि स्वतंत्रता : मोठ्या स्कूटरींच्या घडणीविषयी

दोन शब्द सारखे दिसले की एकाने दुसऱ्याची उसनवारी केली, असा निष्कर्ष भाषाभ्यासक लगेच काढीत नाही. साम्य समान पूर्वजामुळे, आदानामुळे किंवा निव्वळ योगायोगानेही उद्भवते. शिवाय आदान हा काही दोष नव्हे. ‘बटाटा’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. परंतु मराठीत तो पुल्लिंगी झाला, ‘बटाटे’, ‘बटाट्याला’ अशी रूपे घेऊ लागला. मराठीचे व्याकरण स्वीकारल्यामुळे तो मराठीचा झाला. यंत्रांच्या घडणीतील अनुकरणासही हीच कसोटी लावणे इष्ट ठरेल. उसने घेतलेले रूप नव्या यंत्राच्या गरजांशी एकजीव झाले आहे काय, हा खरा प्रश्न होय.

महाराष्ट्रातील सुपरिचित उदाहरण बजाज चेतकचे. कोर्रादिनो दास्कानियो ह्या विमान-अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा सिद्ध केली. तिची पत्र्याची एकसंध काया, एका बाजूनेच धरलेले पुढचे चाक, साखळीचा अभाव, उजवीकडे एंजिन झाकणारा फुगवटा ह्या प्रत्येक अवयवामागे काही कारण होते. बजाजने पिआज्जोच्या परवान्याखाली व्हेस्पा बांधल्या. १९७१ साली परवाना संपला आणि १९७२ साली चेतक आली. नाव राणा प्रतापांच्या घोड्याचे, अंग मात्र व्हेस्पाचे. तिला ‘तत्सम’ म्हणता येईल. तीत नवनिर्मिती नव्हती. पण रूपामागचे कारण शाबूत होते.

मोठ्या स्कूटरींचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. होंडाची फ्यूजन (१९८६), सुझुकीची बर्गमन ४०० (१९९८) आणि यामाहाची टीमॅक्स (२००१) ह्यांच्यात कुलसाम्य स्पष्ट दिसते. रुंद पुढा, वारा अडविणारी काच, पाय पुढे पसरता येतील अशी बैठक, आसनाखाली सामानाची जागा ही सर्व लक्षणे दूरच्या प्रवासाच्या गरजेतून आलेली आहेत. तरीही टीमॅक्सचे वेगळेपण नाकारता येत नाही. सामान्य स्कूटरचे एंजिन मागील चाकाबरोबर वरखाली होते. टीमॅक्समध्ये ते सांगाड्यात स्थिर बसविले गेले. तिची स्वतंत्रता शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे. म्हणून वरवर पाहणाऱ्यास ती जाणवत नाही.

भारतात २०१८ साली आलेल्या बर्गमन स्ट्रीटने हेच भारदस्त रूप १२५ सीसीच्या गाडीवर चढविले. पाय थोडे पुढे टेकता येतात, एवढी सोय खरी. परंतु सुरुवातीच्या गाडीचे मागील चाक अवघे दहा इंची होते, आणि रुंद पुढ्याशी त्याचा मेळ बसत नव्हता. बारामतीच्या कारखान्यातील एप्रिलिया एसएक्सआर १६० (२०२०) ह्याच वाटेने गेली. तिची दोन्ही चाके बारा इंची असल्यामुळे प्रमाणबद्धता पुष्कळशी राखली गेली. पहिलीत शब्द उसना घेतला, पण तो चालविला गेला नाही. दुसरीत निदान विभक्ती लागली.

२०२० साली चेतक विजेवर चालणारी होऊन परतली. एंजिन गेले, फुगवटे राहिले. १९६२ च्या नियमांपूर्वी मराठी लेखनात अनुच्चारित अनुस्वार केवळ व्युत्पत्ती दाखविण्यासाठी टिकून होते. ह्या फुगवट्यांचे कार्यही तेच आहे. वंशपरिचय म्हणून त्यांचे मोल मान्य करावे. मात्र स्वतंत्र घडणीचा दावा करावयाचा असेल, तर बॅटरीच्या गरजेतून निघालेला आकार दाखवावा लागेल.