खांबाभोवतीची गिरकी

बाळकुम नाक्यावर मेट्रोच्या खांबांखाली रिक्षा अडकली होती. भाच्यानं फोन पुढे केला. ‘मामा, या गेमची पार वाट लावलीये बघ.’ पडद्यावर आ वासलेला चेहरा, लाल बाण, मोठ्या अक्षरांत ‘फसवणूक’. तो परीक्षक घसा फोडून ओरडत होता. गेम हातात घेतल्यावर काय होतं, हे मात्र त्यानं एकदाही सांगितलं नाही.

२०२० साली पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सची ‘राजी’ आली तेव्हाही हेच. दुर्गा आणि विष्णू पडद्यावर बोलले म्हणून एक गट गहिवरला. खेळ लवकर आटोपला, शेवट लोंबकळला म्हणून दुसरा भडकला. शेवटाची तक्रार रास्तच. पण राजी सर्कशीतली पोर आहे हो! धावत जाऊन ती खांबाला बिलगते, गरगर फिरते आणि सुटताना असुरांना तडाखा देते. मल्लखांब पाहिलेल्याला ती गिरकी थेट अंगात जाणवते. गोष्ट पुढे सरकते ती सावल्यांच्या बाहुल्यांतून. त्यांचा घाट इंडोनेशियाकडचा, तरी मला पिंगुळीच्या ठाकरांच्या चामड्याच्या बाहुल्या आठवल्या. महाराष्ट्रात बसून लिहिणाऱ्याला या गोष्टी दिसू नयेत? मी वाचलेल्या परीक्षणांत भांडण एवढंच, की दहापैकी किती.

‘फौजी’ या गेमचं तर विचारूच नका. २ सप्टेंबर २०२० ला पबजीवर बंदी आली, दोन दिवसांत हिची घोषणा झाली आणि २६ जानेवारी २०२१ ला ती फोनवर उतरली. गलवानची पार्श्वभूमी, सुरुवातीला बंदुका नाहीत, नुसती हाणामारी. पबजीला तहानलेल्यांनी एक तारा दिला, देशप्रेमानं भारलेल्यांनी पाच. ठोसा लागतो कसा, हे कुणाच्या गावीच नव्हतं. फ्रेम मोजणारे परीक्षक आहेत, पण ते फ्रीजचंही तसंच परीक्षण करतील.

वाद पूर्वीही झाले. २००७ मध्ये ‘केन अँड लिंच’वर परखड लिहिल्यावर परीक्षक जेफ गर्स्टमनची गेमस्पॉट या संकेतस्थळावरची नोकरी गेली; त्या खेळाची जाहिरात तेव्हा त्याच ठिकाणी झळकत होती. पण गर्स्टमननं खेळून मत दिलं होतं, वाद मागून आला. आता वादाचा मथळा आधी ठरतो आणि गेम नंतर उघडली जाते. कित्येकदा तीही नाही.

यावर ठरलेलं उत्तर येतं: लोकांना धीर नाही, ओरडल्याशिवाय कुणी थांबत नाही. साफ खोटं! नाट्यपदातल्या एका हरकतीवर पानभर मजकूर चवीनं वाचणारे आपलेच लोक. एका कव्हर ड्राइव्हवर रात्र जागवणारेही आपलेच. गिरकीचं वर्णन तेवढं त्यांना जड जाणार? आणि वेळेचं म्हणाल, तर भाच्याची ती चित्रफीत बावीस मिनिटांची होती. कापूरबावडी यायच्या आत त्यानं ती संपवली आणि दुसरी लावली.