अवश्यंभाविता आणि गरज : कोसंबींच्या विज्ञानविचारातील एक संज्ञा

दामोदर धर्मानंद कोसंबी (1907–1966) यांची गणना गणिती आणि इतिहासकार म्हणून होते; विज्ञानाचे तत्त्वचिंतक म्हणून त्यांच्याकडे पाहणारे अभ्यासक थोडे. वस्तुतः विज्ञान व स्वातंत्र्य यांच्या संबंधावर 1952 साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्यांनी विज्ञानाची स्वतःची व्याख्या मांडली आहे. स्वातंत्र्य म्हणजे ‘नेसेसिटी’ ओळखणे, हे हेगेलपासून एंगल्सकडे आलेले सूत्र त्यांनी स्वीकारले आणि विज्ञान म्हणजे त्याच ‘नेसेसिटी’चे ज्ञान, अशी त्यात भर घातली. ही व्याख्या मराठीत आणू पाहणाऱ्यास या एका शब्दापाशी थांबावे लागते. आणि ही अडचण केवळ भाषांतरकाराची नाही.

इंग्रजीतील हा शब्द दोन अर्थ पोटात घेतो. जे टाळता येत नाही ते एक, आणि ज्यावाचून चालत नाही ते दुसरे. पहिल्यास मराठीत अवश्यंभाविता म्हणता येईल, दुसऱ्यास गरज. हातातून सुटलेला दगड खाली पडणे ही अवश्यंभाविता होय. अन्न ही गरज होय. हेगेल-एंगल्स यांच्या जर्मन भाषेत पहिल्यासाठी ‘नोटवेंडिगकाइट’ आणि दुसऱ्यासाठी ‘बेड्यूर्फ्निस’ असे निरनिराळे शब्द रूढ आहेत. (पहिल्या शब्दातही ‘नोट’, म्हणजे निकड, हा घटक आहेच, पण व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवू लागलो तर कोणतीही भाषा हाती लागणार नाही.) मराठीत ‘आवश्यकता’ हा शब्द योजल्यास इंग्रजीतील संदिग्धता जशीच्या तशी राहते आणि वाक्य मात्र गुळगुळीत होते. हा मोह भाषांतरकाराने टाळावा हे बरे.

कोसंबींच्या निबंधात दोन्ही अर्थ वावरतात. उड्डाणाचे उदाहरण देताना त्यांच्यासमोर पहिला अर्थ आहे : निसर्गनियम डावलून माणूस उडू शकत नाही, ते नियम जाणले की उडण्याचे स्वातंत्र्य लाभते. परंतु विज्ञानाची वाढ केव्हा होते आणि केव्हा खुंटते याचे विवेचन सुरू होताच समाजाच्या, विशेषतः सत्ताधारी वर्गाच्या, गरजा पुढे येतात. दोन्ही विधाने आपापल्या जागी सबळ आहेत. पण पहिल्यावरून दुसरे निष्पन्न होत नाही. एखाद्या वर्गाला विशिष्ट ज्ञान हवे असणे हे त्या ज्ञानाच्या उदयाचे कारण असू शकेल. त्याच्या सत्यतेचे प्रमाण ते असू शकत नाही. कोसंबींना हा भेद अमान्य नव्हता, कारण विज्ञानाचे निष्कर्ष व्यक्तिनिरपेक्ष असतात हा त्यांचाच आग्रह होता. तथापि त्यांची परिभाषा हा भेद स्पष्टपणे दाखवीत नाही, हा दोष मान्य करावा लागतो.

प्रत्यक्ष संशोधनात मात्र त्यांनी तो कटाक्षाने पाळला आहे. तक्षशिलेच्या साठ्यांतील आहत नाण्यांवरील त्यांचे काम या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. हातोहात फिरणारे नाणे झिजते, आणि पुष्कळ नाणी एकत्र घेतली असता ही घट नियमबद्ध असल्याचे संख्याशास्त्राने दाखविता येते. मागील बाजूवरील खुणा वाढत जातात तसतसे सरासरी वजन उतरते, हे त्यांनी तराजू घेऊन ताडून पाहिले. झीज ही अवश्यंभाविता. नाणे फिरविणारा व्यापार ही गरज. पहिलीचे मोजमाप आधी, दुसरीविषयीचे अनुमान नंतर, असा येथे क्रम आहे. तात्त्विक निबंधात जे सैल राहिले ते तराजूच्या काट्यावर घट्ट बसले, असे म्हणण्यास हरकत नाही.

अणुशक्तीच्या वादातही हेच दिसते. मुंबईच्या उपनगरातील ट्रॉम्बे येथे ‘अप्सरा’ ही अणुभट्टी 1956 च्या ऑगस्टमध्ये कार्यान्वित झाली. कोसंबी त्या वेळी टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गणिताचे प्राध्यापक होते, आणि अणुकार्यक्रमाचे सूत्रधार होमी भाभा हे त्याच संस्थेचे संचालक होते. तरीही 1960 साली पुण्यातील व्याख्यानात आणि अन्यत्र कोसंबींनी अणुशक्तीच्या खर्चाविषयी उघड शंका घेतली व सौरशक्तीचा पुरस्कार केला. त्यांच्या युक्तिवादाचे दोन भाग सहज सुटे करता येतात. या देशात ऊन मुबलक आहे व ते जागच्या जागी वापरता येते, हा निसर्गाचा भाग. खेड्यातील माणसाला कोणती शक्ती उपयोगी पडेल, हा गरजेचा. पहिल्याची परीक्षा प्रयोगशाळेत होते, दुसऱ्याची लोकजीवनात. संस्थेशी असलेला त्यांचा करार 1962 मध्ये संपला आणि त्याचे नूतनीकरण झाले नाही.

उलट बाजूचा दाखला त्यांच्या गणितातच सापडतो. रीमानच्या सुप्रसिद्ध गृहीतकाची सिद्धता संभाव्यताशास्त्राच्या मार्गाने सापडल्याचा दावा त्यांनी 1959 साली कृषिसंख्याशास्त्राच्या एका भारतीय नियतकालिकात केला. गणितज्ञांनी तो ग्राह्य मानला नाही. सिद्धतेत उणीव राहिली होती. कोणत्या वर्गाला ही सिद्धता हवी होती, हा प्रश्न येथे उद्भवतच नाही. कोसंबींच्या व्याख्येतील ‘नेसेसिटी’ या ठिकाणी केवळ अवश्यंभाविताच असू शकते, आणि मराठी भाषांतरात येथे दुसरा शब्द चालणार नाही. इतिहासविषयक लेखनात मात्र भाषांतरकाराला प्रत्येक स्थळी नव्याने निवड करावी लागेल.