सही नाकारणारा माणूस : आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल'

आर्थर मिलर यांचे 'द क्रूसिबल' हे नाटक २२ जानेवारी १९५३ रोजी न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. कथा १६९२ सालच्या, मॅसॅच्युसेट्समधील सेलम गावच्या चेटूक-खटल्यांची. पण बोलणे आपल्याच काळाविषयी चालले आहे, हे प्रेक्षकांनी ओळखले. या नाटकाची स्तुती बहुधा एवढ्यावरच संपते. आम्हांला ती अपुरी वाटते.

तो काळ म्हणजे एकटे सिनेटर मॅकार्थी नव्हेत. त्यांचे गाजलेले भाषण फेब्रुवारी १९५० मधले. त्याआधीच, मार्च १९४७ मध्ये, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी सरकारी नोकरांची निष्ठा तपासण्याचा हुकूम काढला होता. चुगली कोणी केली हे आरोपीला पुष्कळदा कळतही नसे. त्याच वर्षी प्रतिनिधिगृहाच्या समितीने हॉलिवूडची चौकशी आरंभली आणि उत्तरे नाकारणारे दहाजण पुढे तुरुंगात गेले. (ही समिती मॅकार्थींची नव्हती, हा घोटाळा नेहमी होतो.) तुमच्याबरोबर आणखी कोण होते, हा प्रश्न ठरलेला. नावे समितीकडे बहुधा आधीच असत. तरी ती साक्षीदाराच्या तोंडूनच हवी असत, कारण माणूस वाकलेला दिसायला हवा होता. निष्ठेचा दाखला मागणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको.

मिलर यांची 'ऑल माय सन्स' आणि 'डेथ ऑफ अ सेल्समन' ही नाटके बसवणाऱ्या एलिया कझान यांनी एप्रिल १९५२ मध्ये अशीच नावे दिली. 'द क्रूसिबल' त्यांनी बसवले नाही.

सेलममध्येही हाच हिशेब होता. गुन्हा कबूल करणारे वाचले, नाकारणारे एकोणीसजण फासावर गेले. हे साम्य मिलर यांनी अचूक पकडले. नाटकातला शेतकरी जॉन प्रॉक्टर जीव वाचवण्यासाठी खोटा कबुलीजबाब देतो, पण दुसऱ्याचे नाव घेत नाही. आणि सही केलेला कागद चर्चच्या दारावर लागणार म्हटल्यावर तो फाडून टाकतो. हा अंक वाचताना आजही अंगावर काटा येतो.

आमचा आक्षेप वेगळा आहे. खरी ॲबिगेल अकरा-बारा वर्षांची, खरा प्रॉक्टर साठीचा. मिलर यांनी तिला सतरा वर्षांची केले, त्याला तिशीतला केले आणि दोघांत संबंध रचला, ज्याचा इतिहासात पुरावा नाही. नाटककाराला एवढी मोकळीक असतेच. परंतु त्यामुळे साऱ्या गावाचा जुलूम एका झिडकारलेल्या मुलीच्या सूडातून उगवल्यासारखा दिसतो. ट्रुमन यांच्या हुकुमामागे कोणती ॲबिगेल होती? तिथे फाइली होत्या, टेबले होती, आपली नोकरी सांभाळणारे सभ्य कारकून होते. नाटकात न्यायाधीश आहेत, पण आगीची काडी मुलीच्या हाती दिली आहे.

आणि टिटुबा? गुलाम बाई. पहिली कबुली तिची, पहिली नावेही तिचीच, तीही फटक्यांच्या आणि फाशीच्या धाकाखाली. शेवटच्या अंकात ती तुरुंगात भ्रमिष्टासारखी बोलते आणि प्रेक्षक थोडे हसून पुढे जातात. प्रॉक्टरकडे राखण्याजोगे नाव आहे, कारण त्याच्याकडे शेत आहे, पत आहे. जिचे स्वतःचे शरीरही दुसऱ्याच्या मालकीचे, तिने कोणत्या नावासाठी मरायचे? हा प्रश्न मिलर विचारत नाहीत. आमच्या मते नाटकाची सर्वांत मोठी उणीव हीच, ॲबिगेलच्या वयाहूनही मोठी.

मिलर यांनी स्वतः मात्र लिहिले तसे करून दाखवले. जून १९५६ मध्ये ते समितीसमोर उभे राहिले. स्वतःविषयी बोलले, इतरांची नावे दिली नाहीत. १९५७ मध्ये अवमानाबद्दल ते दोषी ठरले. पाचशे डॉलर दंड झाला. १९५८ मध्ये अपील न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, तीही तांत्रिक मुद्द्यावर.