धातू मजबूत, प्लास्टिक तकलादू?

‘धातू मजबूत, प्लास्टिक तकलादू’ हे वर्गात सर्रास ऐकू येणारे विधान आपण रायफलच्या रिसिव्हरवर, म्हणजे चापाची यंत्रणा सामावणाऱ्या सांगाड्यावर, तपासून पाहू. अमेरिकन एआर-१५ रायफलचा सांगाडा सहसा ७०७५ या ॲल्युमिनियम-जस्त मिश्रधातूचा असतो. तोच आकार जसाच्या तसा प्लास्टिकमध्ये घडवला, तर दस्त्याजवळच्या पातळ कड्याला तडा जाण्याचा धोका असतो. उलट, रेमिंग्टनच्या १९५९ मधील ‘नायलॉन ६६’ रायफलमध्ये दस्ता व सांगाडा नायलॉनचे, एकत्रच घडवलेले होते. पोलादी बोल्ट त्यात तेलाविना सरके. अर्थात तिचे ०.२२ इंची काडतूस सौम्य होते. शिवाय स्फोटाचा दाब दोन्हींत पोलादी भागच पेलतात. म्हणून आमच्या मते ते विधान अपुरे आहे. टिकाऊपणा एकट्या पदार्थात नसतो. पदार्थ, आकार आणि भार मिळून तो ठरवतात.