मुकुट, करार आणि परतीची वाट

रीटा फारिया यांची कारकीर्द आपल्याकडे बहुधा एका वाक्यात उरकली जाते : १९६६ मध्ये त्या ‘मिस वर्ल्ड’ झाल्या, चंदेरी दुनियेकडे त्यांनी पाठ फिरवली आणि त्या डॉक्टर झाल्या. वाक्य खोटे नाही; पण फार घाईचे आहे. मुकुट आणि वैद्यकी यांच्यामध्ये एका वर्षाचा करार होता. या कारकिर्दीचा अर्थ लावायचा तर त्या वर्षापाशी थांबावे लागते.

‘मिस वर्ल्ड’चा जन्म सौंदर्यमीमांसेतून झालेला नाही. १९५१ मध्ये लंडनमध्ये भरलेल्या ‘फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन’च्या निमित्ताने, मेक्का या करमणूक कंपनीतील एरिक मोर्ली यांनी पोहण्याच्या पोशाखातील मुलींची एक स्पर्धा घेतली, तीच पुढे वार्षिक झाली. पंधरा वर्षांनी, १७ नोव्हेंबर १९६६ रोजी, लंडनच्या लायसियम सभागृहात तिचा मुकुट मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातील विद्यार्थिनीला मिळाला. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या आशियाई. आईवडील मूळ गोव्याचे, जन्म मुंबईचा. गोवा पोर्तुगीज अमलातून मुक्त होऊन तेव्हा जेमतेम पाच वर्षे होत होती. त्या घरची ख्रिस्ती मुलगी लंडनच्या रंगमंचावर साडी नेसून उभी राहिली आणि पाहणाऱ्यांसाठी ‘भारत’ झाली. प्रातिनिधिकतेचे ओझे इथूनच सुरू होते.

ते किती जड होते, हे महिन्याभरातच कळले. नाताळात अमेरिकी विनोदवीर बॉब होप यांच्या ताफ्याबरोबर व्हिएतनाममधील सैनिकांच्या मनोरंजनासाठी रीटा गेल्या. भारत सरकारची पंचाईत झाली. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर नेमलेल्या आंतरराष्ट्रीय नियंत्रण आयोगाचे अध्यक्षपद भारताकडे होते. तटस्थ देशाची ‘विश्वसुंदरी’ एका बाजूच्या छावणीत दिसणे सरकारला रुचले नाही. इकडे कंपनीचा करार, तिकडे देशाचे परराष्ट्र धोरण. मध्ये तेवीस वर्षांची तरुणी. तिला स्वतःला काय वाटते, हा प्रश्न कोणत्याच पक्षाच्या लेखी महत्त्वाचा नव्हता. सौंदर्यस्पर्धा स्त्रीला व्यासपीठ देते असे म्हणतात. पण त्या व्यासपीठाचा मालक कोण, याचे उत्तर या प्रसंगात मिळते. चारच वर्षांनी, १९७० मध्ये, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये स्त्रीमुक्तीवादी तरुणींनी हीच स्पर्धा उधळण्याचा प्रयत्न केला, पिठाच्या पुड्या फेकल्या. त्या वेळी सूत्रधार म्हणून मंचावर होते तेच बॉब होप.

वर्ष संपल्यावर रीटा यांनी मॉडेलिंग आणि चित्रपट नाकारले, लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमध्ये शिक्षण पुढे नेले, १९७१ मध्ये डॉ. डेव्हिड पॉवेल यांच्याशी विवाह केला आणि नंतर डब्लिनमध्ये स्थायिक झाल्या. या नकाराचे आपण भरभरून कौतुक करतो. ते कौतुक मात्र तपासून घ्यायला हवे. त्यात एक मध्यमवर्गीय निःश्वास असतो : मुलगी भलत्या वाटेला लागली नाही, सुखरूप ‘घरी’ आली! म्हणजे डॉक्टर रीटाची स्तुती करताना, परत न आलेल्या इतर मुलींना आपण हळूच दूषण देत असतो.

नकाराला बळ लागते, आणि ते केवळ चारित्र्यातून येत नाही. रीटा यांच्या हाती वैद्यकीचे शिक्षण होते. परतण्यासाठी जागा होती. १९९४ मध्ये सुश्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ आणि ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’ झाल्या तेव्हा काळ पालटला होता. उदारीकरणानंतर सौंदर्यप्रसाधनांची बाजारपेठ आणि उपग्रह वाहिन्या विजेतीची वाट पाहत होत्या. मुकुट हाच व्यवसायाचा दरवाजा झाला होता. त्यांनी तो उघडला म्हणून त्या उण्या ठरत नाहीत आणि रीटा यांनी तो लावून घेतला म्हणून त्या संत ठरत नाहीत.

मग रीटा यांच्या कारकिर्दीचे मोल कशात? त्यांनी करार करारापुरता ठेवला. एका वर्षाची ओळख त्यांनी आयुष्यभराची होऊ दिली नाही. आपण मात्र आजही त्यांना त्याच वर्षाने ओळखतो. त्यांच्या दवाखान्यातल्या दशकांविषयी आपल्याकडे एक ओळही नसते.