‘फतावा-इ-आलमगीरी’च्या छापील प्रती : कोणती प्रमाण मानावी ?

औरंगजेबाच्या राजनीतीविषयीं लिहितांना ‘फतावा-इ-आलमगीरी’चा आधार दिला जातो, परंतु तो कोणत्या प्रतीवरून घेतला, हें सांगण्याची तसदी क्वचितच घेतली जाते. शेख निझाम बुऱ्हाणपूरकर यांच्या देखरेखीखालीं उलेमांनीं बादशहाच्या आज्ञेवरून रचलेला हा अरबी ग्रंथ इ. स. १६७२ च्या सुमारास पुरा झाला. त्याच्या छापील प्रतींची निवड हा केवळ संग्राहकाच्या हौसेचा प्रश्न नव्हे. तीवर पुराव्याची किंमत अवलंबून असते.

आरंभींच एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. हा ग्रंथ बादशाही फर्मानांचा संग्रह नसून हनफी पंथाच्या जुन्या ग्रंथांतील निर्णयांचें संकलन आहे. बहुतेक प्रत्येक निर्णयाच्या शेवटीं ‘अमुक ग्रंथांत असें आहे’ असा मूळ ग्रंथाचा निर्देश असतो. हा निर्देश ज्या प्रतींत किंवा अवतरणांत गळाला, तेथें पांच-सहाशें वर्षांपूर्वीच्या फकीहाचें मत औरंगजेबाच्या तोंडीं जातें.

जिझियाचेंच उदाहरण पाहावें. श्रीमंतास ४८, मध्यम स्थितींतील माणसास २४ व कमावत्या गरिबास १२ दिरहम, हे दर इ. स. ११९७ मध्यें वारलेल्या मर्घीनानीच्या ‘हिदाया’ ग्रंथांतही आहेत. म्हणजे ते बादशहानें नव्यानें ठरविले नाहींत. त्यानें जिझिया पुन्हां बसविला तो इ. स. १६७९ त, ग्रंथ पुरा झाल्यावर. प्रत्यक्ष वसूल काय झाला, हें हिशेबाच्या कागदांवरूनच ठरवावें लागेल.

आतां प्रतींकडे वळूं. कलकत्त्याची सहा भागांची प्रत इ. स. १८२८ ते १८३५ या काळांत निघाली. ग्रंथ हिंदुस्थानांत रचला गेला व येथेंच प्रथम छापला गेला, म्हणून या आवृत्तीचें महत्त्व मोठें आहे. इंग्रजी अमदानींतील लेखकांचे पृष्ठांक ताडून पाहण्यास ती अवश्य जवळ असावी.

कैरोनजीकच्या बुलाक येथील हिजरी १३१० ची प्रतही सहा भागांचीच. तिच्या पहिल्या तीन भागांच्या समासांत ‘फतावा काझीखान’ व पुढील तिहींत ‘फतावा बज्जाजिया’ हे ग्रंथ छापिले आहेत. आलमगीरींत काझीखानाचा आधार वारंवार येतो. तेव्हां अवतरण मुळाशीं जुळतें कीं नाहीं, हें त्याच संचांत पाहतां येतें. मात्र समासांतील मजकूर मुख्य ग्रंथाचा समजण्याची चूक नवख्याकडून सहज होते. बैरूत येथील पुनर्मुद्रणें याच प्रतीचीं छायाचित्रित असतील, तर पृष्ठांक तेच राहतात. नवीन जुळणीच्या प्रतींत ते बदलतात.

नील बेली यांचा इ. स. १८६५ चा इंग्रजी ‘डायजेस्ट’ उपयुक्त आहे, पण तो ब्रिटिश न्यायालयांस लागणाऱ्या विषयांपुरता वेंचा आहे. विवाह, वक्फ, वारसा यांसाठीं तो चाळावा. राज्यव्यवस्थेच्या प्रश्नांत मूळ ग्रंथाच्या जागीं तो उभा करूं नये.

आमचा अभिप्राय असा : बुलाकची हिजरी १३१० ची प्रत आधारास घ्यावी व संशयस्थळीं ती कलकत्त्याच्या प्रतीशीं ताडावी. दोहोंपैकीं एकीलाही चिकित्सक आवृत्ति म्हणतां येणार नाहीं. अरबींत ‘ला’ हा एवढासा निषेधक शब्द गळाला तर निषिद्ध तें विहित ठरतें. म्हणून विवाद्य वाक्य हस्तलिखितावर तपासल्यावांचून त्यावर सिद्धान्त उभारूं नये. संदर्भ देतांना नुसता पृष्ठांक न देतां किताब, बाब व फस्ल यांचीं नांवें द्यावीं, आणि निर्णयाखालील मूळ ग्रंथाचें नांव कधींही गाळूं नये. ज्यांच्या संग्रहीं या ग्रंथाचे सुटे हस्तलिखित बंद असतील, त्यांनीं प्रथम हेच निर्देश छापील प्रतीशीं ताडून पाहावे. नकलकाराची कसोटी तेथेंच लागते, आणि इतिहासकाराचीही.